व्हेरियस, डिफरंट, व्हेरीड, डायव्हर्स: नेमकं कुठे काय वापरायचं?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. आमची मावळात शेतकऱ्यांची छोटी उत्पादक कंपनी आहे, सगळे भातवाले, आणि यंदा पहिल्यांदाच बंगलोरच्या एका दुकानदाराने माल घ्यायची तयारी दाखवलीय, पण त्याला इंग्रजीतलं माहितीपत्रक हवंय. ते काम माझ्याकडे आलंय. मराठी मजकूर एका बैठकीत झाला, इंग्रजी करायला घेतलं आणि 'विविध' या एकाच शब्दापाशी गाडी अडली, कारण तो मराठीत जागोजागी आलाय. विविध प्रकारचा तांदूळ, पाकिटावरची विविध माहिती, सभासदांचा विविध अनुभव, विविध शहरांतले ग्राहक वगैरे.

मी सगळीकडे व्हेरियस टाकत गेले. 'वुई सेल व्हेरियस टाइप ऑफ राइस', 'व्हेरियस इन्फर्मेशन इज गिव्हन ऑन द पॅकेट', 'अवर मेंबर्स हॅव व्हेरियस एक्स्पीरियन्स', 'वुई हॅव कस्टमर्स इन व्हेरियस सिटीज'. भाच्याने वाचलं तर म्हणाला मावशी व्हेरियस काढ, डायव्हर्स टाक, हल्ली तेच चालतं. आमचे हिशेब बघणारे सर म्हणाले डिफरंट लिहा, सोपं आणि सगळ्यांना कळतं. डिक्शनरी उघडली तर तिन्ही शब्दांपुढे विविध, निरनिराळे, भिन्न असंच दिलंय, त्यामुळे तिथून काही उजेड पडला नाही. आणि सेव्हरल म्हणून अजून एक आहे तो यांच्यातलाच का वेगळा?

सभासदांच्या कष्टाचा माल आहे, इंग्रजी कच्चं असल्यामुळे तो हलका वाटू नये एवढीच माझी तळमळ आहे. नुसती वाक्यं दुरुस्त करून देण्यापेक्षा कुठे काय आणि का ते सांगितलंत तर पुढच्या वेळी मला माझं मला जमेल.

खडूफळा

ताई, तुमच्या चार वाक्यांपैकी शेवटचं, शहरांचं, जसंच्या तसं बरोबर आहे. बाकीची तीन अडतात आणि तिन्ही जवळपास एकाच जागी अडतात, ते आधी बघू.

आपल्याकडे मराठीत एक फार सोयीची गोष्ट आहे जी इंग्रजीत नाही. आपण 'वेगळा' म्हणतो आणि 'वेगवेगळा' म्हणतो आणि दोन्हींत गल्लत कधी करत नाही. साडीच्या दुकानात 'वेगळा रंग दाखवा' म्हटलं की हा नको, दुसरा दाखवा. 'वेगवेगळे रंग दाखवा' म्हटलं की दुकानदार गठ्ठाच समोर टाकतो. शब्द दुप्पट केला की आपल्याला एकमेकांपासून निराळ्या अशा अनेक वस्तू दिसायला लागतात, निराळा-निरनिराळा, तऱ्हा-तऱ्हेतऱ्हेचा हे सगळं त्याच जातीचं. इंग्रजीत डिफरंट या एकाच शब्दावर दोन्ही कामं टाकलेली आहेत. 'अ डिफरंट कलर' म्हणजे वेगळा रंग, 'डिफरंट कलर्स' म्हणजे बहुतेक वेळा वेगवेगळे रंग पण कधीकधी आधीच्यापेक्षा वेगळे रंग असाही अर्थ निघतो, संदर्भाने ठरवायचं. व्हेरियस मात्र फक्त 'वेगवेगळे'चं काम करतो, 'वेगळा'चं कधीच नाही. म्हणून मराठी वाक्यात विविधच्या जागी 'वेगवेगळे' टाकून बघा. नीट बसलं तर व्हेरियसचा विचार करायचा, नाहीतर तो शब्द तिथला नाही.

आता यातूनच दुसरी गोष्ट निघते, की व्हेरियसच्या पुढे अनेकवचन लागतं आणि ते दिसावं लागतं. 'व्हेरियस टाइप' नाही, 'व्हेरियस टाइप्स'. ही चूक आपल्या मुलांच्या पेपरात वर्षानुवर्षं बघितली आणि तिचं कारण आळस नाही, मराठी आहे. आपल्या अकारान्त पुल्लिंगी नामांचं अनेकवचन बदलतच नाही. एक प्रकार, दहा प्रकार. एक रंग, सात रंग. देश, विषय, भाग, सगळे तसेच. मग 'विविध प्रकार' डोक्यात ठेवून लिहिणाऱ्याच्या हातून एस सुटतो. तेच 'विविध कारणं' लिहिताना मुलं बरोबर 'व्हेरियस रीझन्स' लिहितात, कारण तिथे मराठीतच कारणचं कारणं झालेलं असतं. हे एकदा लक्षात आलं की प्रकार, रंग, भाग असले शब्द आले की हात आपोआप सावध होतो. बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या चूक शोधा प्रकारात 'व्हेरियस काइंड ऑफ' हमखास येतं ते याचसाठी.

तिसरं म्हणजे इन्फर्मेशन. इंग्रजीत ही मोजायची वस्तूच नाही, तिला अनेकवचन नाही, त्यामुळे व्हेरियसला पाय ठेवायला जागा नाही. फर्निचर, इक्विपमेंट, अ‍ॅडव्हाइस, लगेज यांचं तसंच आणि तुमच्या कामाचं म्हणजे राइसचंही तसंच. मध्ये मोजता येईल असा शब्द घालायचा, 'व्हेरियस काइंड्स ऑफ इन्फर्मेशन', 'व्हेरियस टाइप्स ऑफ राइस'. पण पाकिटावरच्या माहितीला तुम्ही विविध का म्हणताय? पिकवणाऱ्याचं गाव, कापणीचा महिना, वजन, शिजवायची पद्धत असं जे आहे ते सरळ लिहा ना, वाचणाऱ्याला तेच हवं असतं.

सेव्हरल वेगळा आहे. तो संख्या सांगतो, निराळेपणा सांगत नाही. दोनाहून जास्त पण फार नाहीत, आपलं पाच-सात म्हणतो तसं. आपल्याकडे पुष्कळ लोक सेव्हरल म्हणजे ढीगभर असं समजतात, तसं नाही. एकाच माणसाला एकाच कामासाठी पाच वेळा फोन केला तर 'सेव्हरल टाइम्स', तिथे 'आय कॉल्ड यू व्हेरियस टाइम्स' कानाला खटकतं कारण त्या फोनांमध्ये निराळं काही नव्हतं. पण 'अ‍ॅट व्हेरियस टाइम्स' चालतं, कारण तिथे सकाळी, दुपारी, मागच्या वर्षी अशा वेगवेगळ्या वेळा अभिप्रेत असतात.

आणि आकडा आला की व्हेरियस गळतो. 'थ्री डिफरंट शॉप्स' म्हणतात, 'थ्री व्हेरियस शॉप्स' कोणी म्हणत नाही.

मुद्रितवाचक

खडूफळा सरांनी पाया घातलाच आहे, मी अनुभवाच्या वाक्याबद्दल लिहिते कारण भाषांतराच्या कामात हे सारखं समोर येतं.

तिथे तुम्हाला व्हेरीड हवा. 'अवर मेंबर्स हॅव व्हेरीड एक्स्पीरियन्स'. गोष्ट एकच आहे पण तिच्या पोटात बरीच विविधता आहे असं सांगायचं असेल तेव्हा व्हेरीड. व्हेरीड डाएट म्हणजे एकाच माणसाचा आहार, त्यात भाकरी आहे, पालेभाजी आहे, उसळ आहे, ताक आहे. 'व्हेरियस डाएट्स' म्हटलं की ती निरनिराळी पथ्यं झाली, कोणी हे करतो कोणी ते करतो.

आणि हा फरक आपण सगळ्यांनी शाळेत रोज सकाळी उभं राहून म्हटलेला आहे. प्रतिज्ञा आठवा. 'माझ्या देशातल्या समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे.' इंग्रजी माध्यमातली मुलं काय म्हणतात, 'आय अ‍ॅम प्राउड ऑफ इट्स रिच अँड व्हेरीड हेरिटेज'. हेरिटेज एकवचनी आहे, एकच वारसा, म्हणून व्हेरीड. 'व्हेरियस हेरिटेज' झालं असतं तर वाक्यच मोडलं असतं. मराठी करणाऱ्याने परंपरा हे अनेकवचन घेतलं पण तरी नुसतं 'विविध परंपरा' केलं नाही, 'विविधतेने नटलेल्या' केलं, म्हणजे निरनिराळ्या परंपरांची यादी असा भाव न येता तो भरलेपणा तसाच राहिला. मला हे भाषांतर फार आवडतं. मूळ प्रतिज्ञा तेलुगूत आहे, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये लिहिलेली, आणि इतक्या भाषांत जाऊनही ती प्रत्येक भाषेत सरळ म्हणता येते.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे गॅदरिंगचं 'विविध गुणदर्शन'. एका शाळेच्या स्मरणिकेत मी त्याचं 'व्हेरियस टॅलेंट शो' झालेलं बघितलंय. गुणदर्शन एकच, म्हणून व्हेरियस बसत नाही. इंग्रजीत त्याला 'व्हरायटी शो' किंवा 'व्हरायटी एंटरटेनमेंट' असा रुळलेला शब्द आहे. विविध हा शब्द आपल्याकडे एकवचनालाही लागतो, विविध भारती घ्या, आणि आपण त्याच सवयीने इंग्रजीत जातो.

इंद्रायणीकाठ

सर आणि ताई, दोघांचे मनापासून आभार. वेगळा-वेगवेगळा हे तर मी आमच्या बायकांना पण सांगितलं, लगेच कळलं सगळ्यांना. पाकिटाच्या माहितीचं वाक्य काढूनच टाकलं, गाव आणि कापणीचा महिना लिहिला.

आता एक शंका. आमच्याकडे इंद्रायणी आहे, आंबेमोहोर आहे, कोलम आहे आणि थोडा हातसडीचा पण असतो. वाण म्हणजे व्हरायटी ना? मग 'व्हेरियस व्हरायटीज ऑफ राइस' असं लिहायचं का, ते 'विविध विविधता' असं झाल्यासारखं वाटतं. का टाइप्सच ठेवू?

बांधावरून

ताई, मी कृषी पदवीधर, बियाण्याच्या कामात आहे. टाइप आणि व्हरायटी वेगळे ठेवा, तुमच्या धंद्यात ते महत्त्वाचं आहे.

इंद्रायणी, आंबेमोहोर, कोलम ही नावं वाणांच्या अंगाने जातात, तिथे व्हरायटी. हातसडीचा हा वाण नाही, ती प्रक्रिया आहे, इंद्रायणी हातसडीची असू शकते तशी पॉलिशचीही असते. म्हणजे तुमच्या यादीत चौथं नाव वेगळ्या खणातलं आहे. बंगलोरचा दुकानदार जाणकार असेल तर त्याला हे लगेच दिसेल. त्यामुळे तीन व्हरायटीज लिहा आणि हातसडीचा कुठल्या वाणाचा आहे ते वेगळं सांगा. टाइप हा शब्द सुवासिक, लांब दाण्याचा, उकडा, हातसडीचा असल्या वर्गांसाठी ठेवा.

आणि शेतीतली व्हरायटी म्हणजे विविधता नाहीच, उलट आहे. आपल्याकडे पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे, त्याखाली वाणाची नोंदणी करायची तर तपासणीत तीन गोष्टी बघतात, वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता. म्हणजे वाण दुसऱ्या वाणांपासून वेगळा ओळखू आला पाहिजे, शेतातली त्याची सगळी रोपं एकसारखी असली पाहिजेत आणि पुढच्या पिढीत त्याचे गुण टिकले पाहिजेत. खडूफळा सरांच्या भाषेत सांगायचं तर वाण 'वेगळा' असतो, त्याच्या आत 'वेगवेगळं' काही चालत नाही. इंद्रायणीचंच घ्या, तुमच्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला १९८७ चा वाण, आंबेमोहोर आणि आयआर ८ या बुटक्या वाणाच्या संकरातून आलेला. सुवास आणि चिकटपणा आंबेमोहोराकडून, बुटकी ताठ उभी राहणारी आणि जास्त उतारा देणारी चण दुसऱ्या बाजूने. शेतात भेसळीची उंच रोपं दिसली की आपण उपटून टाकतो ना, ती त्या एकसारखेपणासाठीच.

म्हणून 'व्हेरियस व्हरायटीज' व्याकरणाने चूक नाही, शेतीच्या कागदांत येतंही, पण कानाला जड. 'सेव्हरल राइस व्हरायटीज' लिहा.

तारणगहाण

सेव्हरलवरून आठवलं म्हणून लिहितो, बँकेत कर्जविभागात आहे. सरांनी सांगितलेला अर्थ रोजच्या बोलण्यातला, तो बरोबरच. पण कागदावर सही करणाऱ्यांनी सेव्हरलचा जुना अर्थ माहीत करून घ्यावाच. हा शब्द मुळात लॅटिनच्या 'सेपर' वरून आलाय, म्हणजे सुटा, अलग. कायद्याच्या भाषेत तो अर्थ अजून जिवंत आहे.

बचत गटाच्या नाहीतर कंपनीच्या कर्जाच्या कागदावर 'जॉइंटली अँड सेव्हरली लायेबल' असं असतं. लोकांना वाटतं सगळे मिळून जबाबदार, म्हणजे दहा जण असतील तर माझ्या वाट्याला दहावा हिस्सा. तसं नाही हो. सगळे मिळूनही आणि एकेकटेही, असा त्याचा अर्थ, म्हणजे बँक दहापैकी एकालाच गाठून सगळी रक्कम मागू शकते. कागदात हे शब्द नसले आणि उलट काही ठरलेलं नसलं तरी १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ तेच सांगतं. ज्याने सगळे पैसे भरले तो मग बाकीच्यांकडून त्यांचा हिस्सा मागू शकतो, पण आधी भरावे त्यालाच लागतात. मी टेबलावर बसून हे प्रत्येकाला मराठीत सांगतो, कारण त्या एका शब्दावर घरं अडचणीत आलेली बघितलीत. ताई, तुमची कंपनी आहे, पुढेमागे कर्जाला याल, तेव्हा हा शब्द कुठे आलाय ते शोधून वाचा.

आणि एक विविध आमच्याही रोजच्या वापरातलं आहे, गावची 'विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी'. तिचं इंग्रजी 'मल्टिपर्पज'. तिथे व्हेरियस, डायव्हर्स काहीच चालणार नाही.

लीड्सकर

डायव्हर्सबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. भाच्याचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही पण तुमच्या वाक्यात ते नको. डायव्हर्सने निव्वळ निराळेपणा नाही, एकमेकांपासून बरंच लांब असणं येतं, आणि तो गटाला लागतो, 'अ डायव्हर्स ग्रुप', 'अ डायव्हर्स सिटी'. 'अ व्हेरियस ग्रुप' नाही म्हणता येत, तिथे डायव्हर्सच. 'डायव्हर्स सिटीज' लिहिलंत तर वाचणारा समजेल की त्या शहरांत नाना देशांची, धर्मांची, भाषांची माणसं राहतात. तुम्हाला फक्त पुणे, मुंबई, नाशिक म्हणायचंय, म्हणून व्हेरियस ठेवा.

गेली काही वर्षं इकडे इंग्लंडात ऑफिसांत हा शब्द माणसांच्या बाबतीत फार वापरला जातो आणि त्यातून 'अ डायव्हर्स कँडिडेट' असं एकाच माणसाबद्दल लिहायची पद्धत पडलीय. माझा याला विरोध आहे. एक माणूस डायव्हर्स कसा असेल? आपण 'विविध माणूस आला' म्हणू का? प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'आपल्यासारखा नसलेला' एवढाच होतो आणि ते त्या माणसाला कसं वाटत असेल याचा विचार कोणी करत नाही. टीम डायव्हर्स असू शकते, माणूस नाही, हे मी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलंय.

उच्चाराचं पण सांगतो, दुकानदाराशी फोनवर बोलताना कामाला येईल. व्हेरियसमध्ये जोर पहिल्यावर, 'वेअ-रिअस' असं काहीसं, आणि व्हरायटीत तो 'राय'वर जातो. एकाच घरातले शब्द असून जोर सरकतो म्हणून आपली गडबड होते. डायव्हर्सचा अमेरिकेत 'डिव्हर्स' पण ऐकाल, दोन्ही बरोबर.

डिफरंटच्या पुढे फ्रॉम लावा, तो सगळीकडे चालतो. इकडे लोक डिफरंट टू सर्रास म्हणतात, अमेरिकेत डिफरंट दॅन म्हणतात, पण लिखाणात फ्रॉमला कोणी हरकत घेत नाही.

एका बाबतीत मात्र बघा, लोक इकडे 'व्हेरियस डिफरंट' असं जोडून बिनधास्त बोलतात, शिकलेली माणसं बोलतात, त्यामुळे ते चूक आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

खडूफळा

लीड्सकर, बोलण्यात चालत असेल, नाकारत नाही. आपणही 'परत पुन्हा' म्हणतोच की. पण ताईंचं छापील पत्रक आहे आणि छापताना त्या दोघांपैकी एक शब्द काढला तर अर्थाला काही धक्का लागत नाही, मग तो कशाला ठेवायचा? 'व्हेरियस ऑफ द मेंबर्स' असंही काही ठिकाणी दिसतं, अमेरिकेत जास्त. त्यावर जुन्या-जाणत्यांचा आक्षेप आहे आणि माझाही आहे. 'सेव्हरल ऑफ द मेंबर्स' म्हणा, सरळ वाट आहे.

डायव्हर्स कँडिडेटबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

इंद्रायणीकाठ

वाचून वाचून सगळं परत लिहिलं. हातसडीचा आमचा इंद्रायणीचाच असतो, ते पण घातलं. आता असं झालंय, बघा बरं:

'वुई आर अ फार्मर्स कंपनी फ्रॉम मावळ. वुई ग्रो सेव्हरल राइस व्हरायटीज, इन्क्लुडिंग इंद्रायणी, आंबेमोहोर अँड कोलम. इंद्रायणी इज ऑल्सो अव्हेलेबल हँड-पाउंडेड. अवर मेंबर्स ब्रिंग व्हेरीड एक्स्पीरियन्स टू द कंपनी. वुई हॅव कस्टमर्स इन व्हेरियस सिटीज. अ व्हरायटी ऑफ पॅक साइझेस इज अव्हेलेबल.'

शेवटचं वाक्य मी नवीन घातलंय, एक किलो, पाच किलो, दहा किलो असे पॅक आहेत म्हणून. तारणगहाण दादा, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून ऑफिसात लावलाय, मासिक बैठकीत वाचणार आहे.

मुद्रितवाचक

फार छान झालंय ताई, वाचताना कुठे अडखळत नाही. दोन-तीन गोष्टी सुचवते.

वाण तीनच आहेत ना? मग 'सेव्हरल' आणि 'इन्क्लुडिंग' दोन्ही काढा. इन्क्लुडिंग म्हटलं की अजून काही वाण आहेत असं वाटतं आणि दुकानदार उद्या फोन करून बाकीची यादी मागेल. 'वुई ग्रो थ्री राइस व्हरायटीज' लिहून पुढे नावं द्या. शहरांचंही तसंच करता आलं तर बघा, पुणे, मुंबई आणि जे तिसरं असेल ते नावानिशी लिहिलंत तर व्हेरियसची गरज पडत नाही आणि नवीन गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो.

'अ व्हरायटी ऑफ'च्या पुढे अनेकवचन आलं की क्रियापदही अनेकवचनी घ्यायचा रिवाज आहे, म्हणजे 'आर अव्हेलेबल'. 'द व्हरायटी ऑफ' असेल तर 'इज'. पण इथे हे वाक्य बदलाच, कारण तांदळाच्या पत्रकात व्हरायटी हा शब्द एकदा वाणासाठी वापरल्यावर पिशव्यांसाठी परत नको, घोटाळा होईल. 'अव्हेलेबल इन वन, फाइव्ह अँड टेन किलो पॅक्स', संपलं.

अनुभवाचं वाक्य आहे तसंच ठेवा. छापायला देण्याआधी प्रूफ इथे टाकलंत तर एकदा नजर फिरवीन.